भाषा पास, मत सापडलं नाही

दादा, तुझा फ्लेक्स लागलाय.

सेक्टरच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडच्या बरोबर वर, एरवी जिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात तिथे. मधोमध तू आहेस. आधार कार्डावरचा फोटो मोठा केल्यामुळे जरा घाबरलेला दिसतोस. डाव्या कोपऱ्यात साहेब, उजव्या कोपऱ्यात साहेबांचे साहेब आणि खाली ओळीनं नऊ कार्यकर्ते, त्यातले दोघं गॉगल लावून. 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढ्या मोठ्या अक्षरात आहे की तुझं नाव तिच्या आडोशाला उभं राहिल्यासारखं वाटतं. साहेब हसतायत. त्यांचा हाच फोटो दिवाळीलाही होता.

फ्लेक्सची बातमी आली की तिच्यापुढे लाल पेनानं 'नापास' लिहिणारा माणूस तू. तुझाच फ्लेक्स लागला, आणि तो मी लावू दिला. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तो निलेश आला होता, साहेबांच्या ऑफिसात असतो तो. "काका, दादांचा एक बोर्ड लावतो ना आपल्या गल्लीत?" मला नको म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. तोंडातून निघालं, "बघा बुवा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

त्याला योग्य वाटलं. दहा बाय आठ.

तो लागून आज सतरा दिवस झाले. रोज कामाला जाताना मी तुझ्याखालून जातो आणि मान वर करत नाही. तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. तू जे जे म्हणायचास ते सगळंच मला पाठ आहे, आणि भानगड तिथेच आहे.

तुला हे नव्यानं सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना आपलं पेपरचं प्रकरण सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपण कांदिवलीत चारकोपला राहायला आलो तेव्हा तू पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. आपले वडील, तात्या, तेव्हा होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "एका बिल्डिंगीत, एका घराचे दोन पेपर कशाला?" गिरणीत असताना एक पेपर अख्ख्या खात्यात फिरायचा, त्यातलं हे गणित. मग ठरलं ते असं, की पेपर सकाळी सहाला तुझ्याकडे पडायचा. साडेआठपर्यंत तू वाचायचास. मग मी खिडकीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडायची, तू पेपर त्यात टाकायचास आणि मी ओढून घ्यायचा. कधी पेपराबरोबर वहिनींचा डबाही यायचा, काळ्या वाटाण्याचं सांबारं. चोवीस वर्षं हे चाललं. दोरी तीन वेळा बदलली, पेपर तोच.

आता त्या पेपरात तुझं लाल पेन. तू खोक्यांच्या कारखान्यात तपासणीला होतास. पुठ्ठ्याची खोकी, कोपरे बघायचे, गोंद बघायचा, लेबल सरळ आहे का बघायचं, आणि लाल पेनानं खूण करायची. पास, नापास, परत तपासा. रिटायर झालास तेव्हा नारळ आणि शाल घेऊन आलास, पेन मात्र कारखान्यात ठेवायला विसरलास. त्याआधीही पेपरावर लिहायचास, पण रिटायर झाल्यावर फुल टाइम लागलास.

मला कोरा पेपर कसा असतो ते माहीतच नव्हतं. माझ्याकडे बातमी यायची तीच तपासून.

रस्ता पुन्हा खणला, की समासात: "गेल्या साली ब्लॉक बसवताना खाली बघितलं नव्हतं का? नापास." पक्ष बदललेल्या नेत्याचा हार घातलेला फोटो असला, की त्याच्या हाराखाली: "लेबल नवीन. आतला माल कोणी तपासला?" राजकारणात खोकी हा शब्द शिरला तेव्हा तर तू आठवडाभर चिडला होतास. "एकतीस वर्षं इमानानं खोकी तपासली मी, आणि बदनाम केली यांनी!" जवळच्या कुठल्या तरी टॉवरच्या पानभर जाहिरातीत इटलीतल्या गावाचं नाव होतं, तिथे तू लिहिलंस, "तिकडे कोणी चारकोप हाइट्स बांधलंय का? परत तपासा." पहिलीतल्या पोरांनी किती भाषा शिकायच्या यावर रण पेटलं होतं तेव्हा: "मुलांची काळजी नको. मंत्र्यांना एक तरी नीट शिकवा." कबुतरांना दाणे टाकावेत की नाही यावर अर्धं पान होतं, त्यावर: "टाकणारे टाकतात, आणि कबुतर येऊन बसतं माझ्या खिडकीत. माझं कोणी छापा." आता लेख यंत्रच लिहिणार अशी बातमी आली, त्या दिवशी तू बातमीला सोडून थेट अग्रलेखावर बाण काढलास: "आधीपासूनच लिहितंय वाटतं."

वधू-वर सुद्धा सोडले नाहीस. "सगळेच सुस्वरूप. मग आपण ट्रेनमध्ये बघतो ते कोण?"

फक्त एका जागी तुझं पेन कधी टेकलं नाही. निधनवार्तांवर. मी एकदा गमतीनं विचारलं होतं, तर म्हणालास, "त्यांची तपासणी झाली रे." आणि पान उलटलंस.

तू असह्यही होतास, हे आज नाही लिहायचं तर कधी लिहायचं? लग्नाला गेलो की स्टेजवरच्या रांगेत उभं राहून फोटोच्या पद्धतीवर बोलायचास, नवऱ्या मुलाला ऐकू जाईल असं. डॉक्टर तपासत असताना डॉक्टरांना तपासायचास. "फाइल बघतोयस बाबा, मला बघ." मनोरीला गेलो होतो तेव्हा फेरीबोटीतून उतरेपर्यंत तू बोटीच्या टायरपासून सेल्फी काढणाऱ्या पोरींपर्यंत सगळ्यांना नापास करून झाला होतास, आणि मग किनाऱ्यावर बसून अर्धा तास गप्प. मी विचारलं, "काय झालं?" म्हणालास, "समुद्र पास आहे."

त्या मनोरीच्या दिवशी मला नोकरी नव्हती. एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसवलं होतं. सगळे नातेवाईक फोन करून धीर देत होते, आणि त्यांच्या धीरानं मी आणखी खचत होतो. तू एक शब्द काढला नाहीस. त्या चार महिन्यांत फक्त एवढंच झालं, की छोट्या जाहिरातींच्या पानावर, ज्याला तू कधी हात लावत नव्हतास, तिथे लाल गोल दिसायला लागले. रोज दोन-तीन. 'डिस्पॅच अनुभवी पाहिजे', गोल. 'वय ४५ पर्यंत', गोल आणि शेजारी: "जा तरी. यांनाच माणूस मिळत नसेल." आज ज्या औषधांच्या गोडाउनात मी आहे ते तुझ्या अशाच एका गोलातून मिळालेलं आहे. मी कधी आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे सुचलं नाही.

आता माझी कबुली ऐक. गोडाउनात लोक मला राजकारणातला जाणकार समजतात. चहाच्या वेळी कोणीतरी विचारतं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि मी सकाळचा तुझा समास म्हणून दाखवतो. 'लेबल नवीन, माल तोच' यावर मी टाळ्या घेतल्यात, दादा. सुनीताला हे माहीत होतं. ती म्हणायची, "भावजींचा पेपर आल्याशिवाय ह्यांना राग कशाचा येतोय तेच कळत नाही." मी हसण्यावारी न्यायचो. बायको खरं बोलली की हसण्यावारी न्यायचं, ही एक गोष्ट मी कोणाची न बघता शिकलो.

आणि मग मी ते पत्र लिहिलं.

फुटपाथवरचे फेरीवाले, या विषयावर. रविवारी दुपारी बसून लिहिलं, तीनदा फेअर केलं. आणि छापून आलं! वाचकांच्या पत्रांत, वरून दुसरं, चौकटीत. खाली माझं नाव आणि 'कांदिवली'. मला कळलं ते गोडाउनातल्या मित्राच्या फोनवरून, सकाळी सातला. तेव्हापासून मी खिडकीत दोरी धरून उभा. साडेआठ वाजेपर्यंत धीर धरवला नाही, आठलाच पिशवी सोडली. वरून हाक मारली, "दादा, झाला का वाचून?"

पेपर वर आला. पत्राभोवती लाल चौकोन होता. शेजारी लिहिलं होतं: "भाषा पास. मत सापडलं नाही."

मी तसाच, बनियनवर, दोन जिने उतरून आलो.

"दादा, हे काय आहे?"

"काय म्हणजे? वाचलं, लिहिलं."

"अरे, छापून आलंय! घरातल्या माणसाचं पत्र छापून आलं तर अभिनंदन लिहितात."

"केलंय की. भाषा पास आहे. ती तर मी अग्रलेखालाही देत नाही."

"आणि मत सापडलं नाही म्हणजे?"

तू चष्मा वर केलास. "बाळू, तू लिहिलंयस, एकीकडे फेरीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, दुसरीकडे पादचाऱ्यांची गैरसोय आहे, तरी प्रशासनानं सुवर्णमध्य काढावा. बरोबर?"

"मग? दोन्ही बाजू मांडल्यात."

"बाजू मला ठाऊक आहेत रे. मी त्याच फुटपाथवरून जातो. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की दोन्ही बाजूंचा..."

"परत बाजू! मेल्या, तुका काय वाटता ता सांग ना!"

तू मालवणीत शिरलास की राग खरा असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. वहिनी आतून बाहेर आल्या, हाताला पीठ. त्यांच्यासमोर मला ते जास्त लागलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बनियनवर उभा, आणि थोरला भाऊ त्याचं गणित तपासतोय. मी म्हणालो, "माझ्या पत्रावर लिहायचा तुला काय अधिकार?"

"पेपर माझा आहे."

"मग मी माझा घेतो."

"मगे घे! तुका कोण अडवता?"

बस, एवढंच. संपत्तीवरून भांडणारे भाऊ असतात, त्यांचं निदान लोकांना सांगता तरी येतं. दुसऱ्या दिवसापासून मी पेपर चालू केला. एकाच बिल्डिंगीत, एका घराचे दोन पेपर. पेपरवाल्यानं दोनदा विचारलं, "तिसऱ्या माळ्यावर पण? नक्की?"

दादा, कोरा पेपर भयंकर असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, वा, काय स्वच्छ! दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पानावरच अडकलो. कशावर चिडायचं? सगळं सारख्याच ठशात छापलेलं. पुलाचं उद्घाटन, पुलाला तडा, सोन्याचा भाव, नेत्याचा खोकला. चहाच्या वेळी गोडाउनात कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "दोन्ही बाजू आहेत." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

दोन महिने. जिन्यात भेटायचो. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ज्याला काही ना काही म्हणायचं असायचं तो तू मला फक्त विचारायचास, "जेवलास?" मी म्हणायचो, "हो." सकाळी आठला विचारलंस तरी हो. शेवटच्या रविवारी तू बाजारातून येत होतास, हातात पिशवी. म्हणालास, "बांगडे बरे मिळाले आज." मी म्हणालो, "हो का." आणि वर गेलो. जिन्याच्या वळणावर मला जाणवलं की तू अजून खालीच उभा आहेस. मी थांबलो नाही. कामाला उशीर होत असल्यासारखा तरतर चढलो. रविवार होता.

त्यानंतरच्या गुरुवारी तू गेलास. त्याचं वर्णन करत नाही. तसली पानं तू वाचायचास, त्यांच्यावर लिहायचा नाहीस.

मग ते दिवस. लोक आले. "कसं झालं?" विचारून, उत्तर अर्धं ऐकून, खुर्चीत टेकून राजकारणावर बोलायला लागले. तुझ्याच हॉलमध्ये, तुझ्या फोटोसमोर, इतकी भिकार मतं, दादा! एकानं सांगितलं की सगळेच चोर आहेत. दुसऱ्यानं सांगितलं, नाही, काही बरे आहेत. मी दोघांनाही मान डोलावली. तुझ्या फोटोकडे बघण्याची हिंमत झाली नाही.

बाराव्याच्या आदल्या दिवशी हॉल मोकळा करायचा होता. पाट मांडायचे, गावाहून माणसं येणार. वहिनी आत बायकांत बसलेल्या. मी सेटी ओढली तर खाली पेपरचे गठ्ठे. चार. सुतळीनं बांधलेले, कोपऱ्याला कोपरा जुळवून, गाठ अशी की पाहत राहावं. मनात म्हटलंसुद्धा, पॅकिंग पास आहे. वरचा पेपर घडीची बाजू बाहेर करून ठेवलेला, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. रद्दीवाल्याला हाक मारली, गठ्ठे त्याच्या गाडीवर स्वतः उचलून ठेवले. घरातलं एक काम आपण पार पाडलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तेरावं झाल्यावर, माणसं पांगल्यावर, वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, सेटीखालचे पेपर वर नेलेत ना?"

"वर कशाला? रद्दीत दिले. जागा करायची होती ना."

वहिनी खाली बसल्या. म्हणाल्या, "ते तुमचे होते हो."

"माझे?"

"दोन महिने तुमच्यासाठी लिहीत होते. ते पास-नापास त्यांनी सोडलंच होतं. बातमीला नुसता गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, बाळू, तुका काय वाटता? आणि खाली पट्टी ठेवून एक चौकोन आखायचे. कोरा. रोज तीन-चार तरी. मी म्हटलं, एवढा मोठा चौकोन कशाला आखताय, बातमी दिसेना झाली. तर म्हणाले, त्याचं अक्षर मोठं आहे."

 मला आला तो रागच. "मग पाठवायचे ना, वहिनी! पिशवीत टाकायचे!"

"रोज सांगत होते मी. म्हणायचे, त्यानं दोरी सोडली की टाकतो."

"निदान गठ्ठ्यावर एक चिठ्ठी तरी! नाव लिहायचं!"

"तेही म्हटलं. म्हणाले, गाठ बघून ओळखेल."

गाठ! दादा, एकतीस वर्षं तू लेबल नसलेलं एक खोकं दरवाजाबाहेर जाऊ दिलं नाहीस. मालक समोर उभा राहिला तरी परत पाठवलंस. 'आत काय आहे ते माणसाला बाहेरून कळलं पाहिजे,' हे तू आम्हाला जेवताना ऐकवायचास. आणि आयुष्यात एकदाच स्वतः माल बांधलास तर त्यावर लेबल नाही. गाठ बघून ओळखेल म्हणे. मी ओळखलं नाही. मी गाठीचं कौतुक करून माल रद्दीत घातला.

पळत गेलो. रद्दीवाला तराजूशी बसला होता. म्हटलं, "परवा आमच्याकडचे चार गठ्ठे नेलेस, सुतळी बांधलेले. कुठे आहेत?"

"काका, ते तर गाडीत गेले ना. काल गाडी आली होती."

"कुठे जाते गाडी?"

"गुजरात साइडला मिल आहे. पुठ्ठा बनतो तिकडे." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काही कागद होते काय महत्त्वाचे? एक गठ्ठा सुटला होता, त्यातले थोडे पेपर वडापाववाल्यांनी नेले. बघा मिळाले तर."

पुढचे चार दिवस मी काय केलं ते सांगतो, हसू नकोस. हस. आपल्या मार्केटपासून मेन रोडपर्यंत जेवढ्या वडापावच्या गाड्या आहेत, तेवढ्यांवर मी वडापाव खाल्ले. आधी कागद उलगडून बघायचा, मग खायचं. एका गाडीवाल्याला म्हटलं, मला वडा नको, नुसते कागद दाखव. तो म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना तुम्हाला?" दुसऱ्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाला डोळ्यानं खूण केली. चौथ्या दिवशी एका कागदावर लाल दिसलं. कागद उजेडात धरला. चटणी होती. सुनीतानं ॲसिडिटीची गोळी हातावर ठेवली आणि काही विचारलं नाही. तिला वहिनींनी सांगितलं असावं.

तर ते गेलं. तू काय काय विचारलं होतंस ते आता पुठ्ठ्यात लगदा होऊन बसलंय, आणि त्या पुठ्ठ्याची खोकी होतील, आणि कोणीतरी ती तपासेल. इतपत विनोद करण्याएवढा मी सावरलोय. पण रात्री-बेरात्री नाही, भर दिवसा, गोडाउनात मालाचं चलन भरताना, मधेच मला तो कोरा चौकोन दिसतो आणि मी चलनावर चुकीचा पत्ता टाकतो.

परवा एक गोष्ट लक्षात आली. इतकी साधी, की ती इतके दिवस सुचली नाही याची लाज वाटते. तोच पेपर, त्याच तारखांचे अंक माझ्याकडे आहेत. तिसऱ्या मजल्यावर. कोरे. मी रद्दी तुझी दिली, माझी नाही. आणि कुठल्या बातमीला तू गोल केला असशील हे मला कोणी सांगायला नको. चोवीस वर्षं तेच तर शिकलोय.

म्हणून बसलो. लाल पेन आणलं नाही, निळं घेतलं. पहिला अंक उघडला, चौकोन आखला, आणि अर्धा तास काही लिहिता आलं नाही. नुसतं तुझंच वाक्य येत होतं. हे फार वाईट असतं, दादा. आपल्या डोक्यात आपलंच काही नाही हे अठ्ठावन्नाव्या वर्षी डायनिंग टेबलावर बसून कळणं. सुनीता पोळ्या लाटत होती, तिला म्हटलं, "ह्या डिलिव्हरीवाल्या पोरांबद्दल तुला काय वाटतं, उलट्या दिशेनं येतात ते?" ती म्हणाली, "मला विचारू नका. भावजींनी मला नाही विचारलंय."

मग लिहिलं. तू म्हणाला असतास, नापास, गाड्या जप्त करा. मी लिहिलं: 'पोरांची चूक नाही. काल आपल्याच घरी दहा मिनिटांत कोथिंबीर पाहिजे होती.' माझं अक्षर खरंच मोठं आहे, चौकोन भरला. फेरीवाल्यांचंही लिहिलं: 'हवेत. मी भाजी त्यांच्याकडूनच घेतो आणि पत्रात सुवर्णमध्य काढा म्हणतो, ही लबाडी आहे.' कबुतरांवर आपलं जमलं. यंत्राच्या लेखांवर मात्र तुझं खरं नव्हतं, ते अग्रलेख मला आवडतात. आतापर्यंत एकवीस चौकोन झाले. तीन कोरे ठेवलेत. खोटं भरण्यापेक्षा कोरे बरे.

त्याच जोरावर काल निलेशला फोन केला. "तो फ्लेक्स काढा."

"का काका? फोटो नाही आवडला? दुसरा लावू?"

"फोटोचा प्रश्न नाही. फ्लेक्सच नको. दादाला नको असता, आणि मला पण नकोय."

तो म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." आज सकाळी पाहिलं, तू अजून तिथेच आहेस, घाबरलेला. मी उद्या परत फोन करणार आहे. परवाही करीन. या बाबतीत माझं म्हणणं ठरलंय.

बाकीचे अंक होतील हळूहळू, पण एक वेगळा काढलाय. तू गेलास त्या गुरुवारचा. तो तू उघडलाही नव्हतास, वहिनी म्हणाल्या. त्यात कशाला गोल करायचा हे मला कोणाला विचारता येत नाही. म्हणून मी पहिल्या पानावर, पानभर जाहिरात आहे तिच्यावर, मोठा चौकोन आखला आणि आपल्या दोघांबद्दल लिहायला घेतलं. सवयीनं सुरुवात झाली, 'एकीकडे दादाचा हट्टी स्वभाव होता, तर दुसरीकडे' आणि थांबलो. खोडलं. पुन्हा लिहिलं. ते जसंच्या तसं इथे उतरवतोय:

चूक तुझी होती. तू मोठा होतास. मध्ये फक्त दोन जिने होते. गठ्ठे काखेत मारून वर यायचं होतंस, दारात आपटायचे होतेस, चार शिव्या घालायच्या होत्यास. मी आधी तोंड फिरवलं असतं आणि मग चहा टाकला असता. हे तुला ठाऊक होतं, तरी तू आला नाहीस. मला याचा फार राग आहे, दादा, आणि तो जाईल असं वाटत नाही.

हे माझं मत. याला दुसरी बाजू आहे, ती मला माहीत आहे, आणि ती मी लिहिणार नाही.